शंभराचे एकशे साठ

सुनौलीची सीमा पायीच ओलांडली आणि खिशातल्या शंभराचे एकशे साठ नेपाळी रुपये झाले. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. विमान परवडत नव्हतं, पण चार दिवस श्रीमंत वाटायला एवढं पुरे.

दिवसभर बसमध्ये आदळत पोखरा गाठलं. फेवा तलावामागच्या गल्लीत स्वस्तातली खोली. जेवणात दालभात, भात हवा तितका. ६९९३ मीटरचं माछापुच्छ्रे, ज्यावर चढायला परवानगीच नाही, ढगात दडलेलं. ते दिसलंच नाही.

माझ्या ओळखपत्रावरचा पत्ता वाचून मालक म्हणाले, "कोथरूडला कुठे, ताई?"

चक्क मराठी! अकरा वर्षं पुण्यात वॉचमन होते. या चार खोल्या त्या पगारातून आणि थोरल्या मुलाने कतारहून पाठवलेल्या पैशांतून उभ्या राहिल्या.

"तिकडे सगळे बहादूरच म्हणायचे. बायकोला सांगितलं तर हसली, म्हणाली, हा कोण?"

मग ताटात भात वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीत रात्रपाळीला कोण असतो?"

"आहेत एक. नेपाळचेच."

"हो? कुठल्या जिल्ह्यातला?"