कलती भिंत

यंत्र नावाच्या वस्तूशी माझे कधी सूत जमले नाही. शिवणयंत्राची सुई माझ्या हाताने मोडते, विहिरीवरचा पंप माझ्या हाताने सुरू होत नाही, आणि मोबाइलवर मी बोलू लागलो की पलीकडचा माणूस नुसता 'हॅलो, हॅलो' करीत राहतो. शिक्षणाने मी मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या नांदुऱ्याच्या बाजारात म्हातारी माणसे अजूनही "पोरगं मॅट्रिक झालं का?" असेच विचारतात. त्या परीक्षेत गणिताने मला काठावर सोडून दिले आणि मीही पुढे त्याचा पाठलाग केला नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएटच्या दाखल्यावर एका लहानशा खासगी शाळेत मुलांना रेघा ओढायला शिकवू लागलो. रात्री कादंबऱ्या लिहितो. दोन छापून आल्या. तिसरी पेटीत आहे आणि तिचे वजन फक्त मला ठाऊक आहे. अशा माणसाच्या घरी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर येऊन पडावा, ही दैवाची मोठी मौजच म्हणायची.

२०२४ च्या दिवाळीला दादा-वहिनी अमेरिकेहून आले होते. बॅगेतून बदाम निघाले, माझ्यासाठी एक स्वेटर निघाला (आमच्या गावी स्वेटर पंधरा दिवस लागतो), आणि सर्वांत खालून एक वीतभर लांब, काळे, पाठीला सरकते झाकण असलेले यंत्र निघाले.

"हे तुझ्यासाठी दिलंय त्यानं," दादा म्हणाला. त्याने म्हणजे माझ्या पुतण्याने. "म्हणतो, काका ड्रॉइंगचे सर आहेत, त्यांना आवडेल."

यंत्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे, टीआय-८४ प्लस. २००४ सालापासून निघालेला हा नमुना. आकडे सोडवून उत्तर देणारे कॅल्क्युलेटर आपण किराणा दुकानात पाहतो. हे यंत्र समीकरणाचे चित्र काढते. असे पहिले यंत्र कॅसिओ या जपानी कंपनीने १९८५ साली विकायला आणले, आणि पुढे अमेरिकेतल्या शाळांतून त्याचा एवढा प्रसार झाला की वरच्या वर्गातल्या मुलाच्या दप्तरात वहीबरोबर तेही जाऊ लागले. पुतण्याचे शिक्षण त्यावर झाले. त्याच्या धाकट्या बहिणीला ते उपयोगी पडायचे; पण तिकडची एसएटी परीक्षा २०२४ पासून संगणकावर गेली आणि आलेखाची सोय तिथे पडद्यावरच आली. म्हणून ते उपेक्षित यंत्र माझ्याकडे आले. आमच्या दहावी-बारावीच्या परीक्षांना तर कॅल्क्युलेटर मुळीच चालत नाही. तेव्हा यंत्र आणि मी दोघेही निरुद्योगी, म्हणून आमचे जमले असावे.

पहिल्या रात्री जेवणे झाल्यावर मी एकटाच छपरीत बसून एकेक कळ दाबीत होतो. पन्नासेक कळा. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातली एक दाबली, आणि करड्या पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सावकाश चढू लागली. मध्येच थांबली. तिथून दुसरी उतरू लागली. मग खाली एक आडवी रेघ. मग एक भिंत, मग दुसरी. दुसरी भिंत बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेली. शेवटी छपरामागून एक अर्धवर्तुळ उगवले. कडुनिंब!

ते आमचे घर होते.

कवेलूंचे, मातीच्या भिंतींचे, ओट्याचे घर. पस्तीस-एक वर्षे मी त्यात राहिलो. त्याची पश्चिमेची भिंत कलली होती. आमची काळी माती उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाया कसा स्थिर राहणार? दर दिवाळीला भिंती पोतारण्याआधी बाबा आढ्याखालून ओळंबा सोडीत आणि भिंतीपासूनचे अंतर बोटांनी मोजून सांगत, "यंदा दोन बोटं." पुढच्या वर्षी, "अडीच." आम्हां भावांना तो दिवाळीचाच एक विधी वाटे. बाबा गेल्यावर ओळंबा सुटला नाही. २०१७ साली घर विकले. दादा परदेशी, त्याने मुखत्यारपत्र पाठवले. सह्या मी केल्या. आज तिथे खाली गाळे आणि वर दोन मजले आहेत. आता एक कबुली देतो. चित्रकलेचा मास्तर असून मी ते घर कधी काढले नव्हते. मुलांना हजार वेळा 'निसर्गचित्र' म्हणून घर काढायला सांगितले असेल. फोटो आहेत, पण त्या सगळ्यांत माणसे पुढे आणि घर त्यांच्या पाठीमागे. आणि आठव्या वर्षी हे घर सोडून गेलेल्या पोराने ते नऊ समीकरणांत बांधून ठेवले होते!

त्या रात्रीपासून मी त्या यंत्राचा सेवेकरी झालो.

वापर शिकायचा तर गुरू हवा. शाळेत दहावीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे वडील जिनिंगात कामाला आहेत. मुलगी माझ्याकडे येते चित्रकलेला, पण तिचे खरे लक्ष आकड्यांत. मी तिला यंत्र दाखवले नि माझी तक्रार सांगितली. पुस्तकातून उतरवून मी वर्तुळाचे समीकरण घातले होते, वरचा अर्धा नि खालचा अर्धा असे दोन भाग करून, आणि पडद्यावर चक्क अंडे आले होते. हाताने कंपासाशिवाय वर्तुळ काढून दाखवणाऱ्या माणसाचा हा अपमान होता.

तिने दोन मिनिटे पाहिले. "सर, वर्तुळ बरोबर आहे. तुमची खिडकी चुकली."

यंत्राच्या भाषेत खिडकी म्हणजे आडव्या-उभ्या अक्षांचा जेवढा भाग आपण पडद्यावर मागतो तो. पडदा रुंदीला ९६ ठिपके आणि उंचीला ६४. दोन्हीकडे उणे दहा ते दहा मागितले तर प्रत्येक गोष्ट आडवी ताणली जाणारच. तिने खिडकी चौरस मापाची केली आणि अंड्याचे वर्तुळ झाले. ९६ गुणिले ६४ किती, हे तिने तोंडी केले: ६१४४. "कापरेकर सरांच्या संख्येला तीस कमी पडले!" ती हसली. देवळालीच्या शाळेतले ते मास्तर, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). आमच्या नांदुऱ्याच्या रुळांवरून मुंबईकडे निघाले की नाशिक रोडच्या पुढे त्यांचे देवळाली लागते. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, उलटे मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते. २०२४ घेतली तर चारच फेऱ्या लागतात: ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. हे ज्याला सुचले त्याच्या हातात असे यंत्र नव्हते, हे मी तिला मुद्दाम सांगितले. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

पण तिने मला शिकवलेली खरी नवलाची गोष्ट निराळीच. समीकरणाची रेघ तर अनंतापर्यंत जाते. मग छपराची रेघ आढ्यापाशी थांबते कशी? पुतण्याने प्रत्येक समीकरणाला एक अट जोडून तिने भागले होते. अट खरी असेल तिथे यंत्र तिची किंमत एक धरते, खोटी असेल तिथे शून्य. एकाने भागले तर रेघ जशीच्या तशी. शून्याने भागले तर काहीच उमटत नाही! शून्याने भागू नये म्हणून ज्या मास्तरांनी माझा कान पिळला, त्यांना हे दाखवायला हवे होते.

आता निगेचे सांगतो, कारण सगळा घात निगेनेच केला. आमच्या गावी हंगामात रुईचे तंतू हवेत उडतात. म्हणून मी यंत्र वापर झाला की झाकणात सरकवी, वर धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळी. पडदा फिका दिसू लागला तेव्हा सेल संपले समजून घाबरलो; पण निळी कळ दाबून वरचा बाण दाबला की अक्षरे गडद होतात, आणि कोपऱ्यातला आकडा नवापर्यंत जाऊनही पडदा फिकाच राहिला तर सेल बदलायचे, हे मुलीने शोधून काढले. इथवर ठीक होते. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या टीव्हीच्या रिमोटमधला अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड बाहेर आली. तो क्षार असतो. बोळ्याला लिंबाचा रस लावून पुसला की निघतो, पण तोवर आतली पत्री खाऊन जातो. मी हबकलो. त्याच संध्याकाळी यंत्राचे चारही बारीक सेल काढले. तेवढ्यावर थांबावे! पण आत एका स्क्रूखाली आणखी एक बटणसेल दिसला. फुटायचा तर तोही फुटेल, असा विचार करून घड्याळजीकडून बारीक पेचकस आणला आणि तोही काढून डबीत ठेवला. कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपलो.

तो बटणसेल तेवढ्याचसाठी असतो. मोठे सेल बदलताना यंत्राची आठवण तो सांभाळतो. दोन्ही एकदम काढायचे नसतात.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नवे सेल घातले. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द आले: स्मृती पुसली. उजव्या कोपऱ्यातली कळ दाबली. दोन अक्षांची एक फुली आली. बाकी काही नाही.

एका घराला दोनदा घालवणारा माणूस मी. पहिल्या वेळी निदान कागदावर सही होती.

पुतण्याला कळवायचे धैर्य झाले नाही. दर रविवारी फोन येई, "यंत्र कसंय काका?" असे तो विचारी आणि मी "छान आहे" म्हणे. यंत्र छानच होते. शेवटी आषाढात त्या मुलीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग आपण बांधू, सर."

दोन महिने, शनिवारी शाळा सुटल्यावर, आम्ही घर बांधीत होतो. छपराला चढ किती द्यायचा? दहावीच्या पुस्तकात रेषेचा चढ आहे. मुलीला तो पाठ, पण आमच्या छपराचा चढ तिला कसा ठाऊक असणार? मलाही नव्हता. आमच्या जुन्या गल्लीत त्याच काळचे, बहुधा त्याच गवंड्याच्या हातचे एक घर अजून उभे आहे. मी समोर उभा राहून, हात लांब करून, डोळ्यांसमोर पेन्सिल धरून माप घेतले, जसे मुलांना शिकवतो तसे. घरधन्याला वाटले, मीही विकत घ्यायला आलो. दोन हात सरकले की एक हात चढ. मुलीने क्षला दोनाने भागले आणि छप्पर बसले. दार मी डावीकडे सांगितले; घरी बायको म्हणाली, उजवीकडे होते. ओट्यावर आतून कसे येत होतो ते पायांना विचारले, तेव्हा तिचे खरे निघाले. कडुनिंबाला वर्गमूळ लागले.

भिंतींपाशी काम अडले. अगदी उभी रेघ समीकरणातून निघतच नाही. एका क्षला एकच य, असा तिथला कायदा. खूप मोठा चढ द्यावा तेव्हा ती जवळजवळ उभी होते, पण एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा कल राहतो. चित्र काढायच्या निराळ्या यादीतून सरळ उभी रेघ मिळते, पण ती समीकरणांत राहत नाही. आलेख नव्याने निघाला की पुसली जाते. पूर्वेची भिंत मुलीने शक्य तेवढी ताठ केली. पश्चिमेची तशीच करू लागली तेव्हा मी म्हटले, "नको. ती कलतीच हवी."

"किती?"

"अडीच बोटं."

तिने कसे जमवले कोण जाणे. तीन ठिपके बाहेर आली.

हे झाल्यावर पहिले काम मी एक केले. पडद्यावरचे चित्र साठवून ते यंत्राच्या त्या कप्प्यात ठेवले, जिथे सेल नसले तरी ते राहते. आर्काइव्ह म्हणतात त्याला. मग पडद्याचा फोटो काढून पुतण्याला पाठवला आणि फोनवर सगळे सांगून टाकले. तो हसू लागला. त्याचे मराठी आता थोडे वळून आले आहे.

"काका, ते होमवर्क होतं. टीचरनं सगळ्यांना घर काढायला सांगितलं होतं."

"आपलं नव्हतं?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. "घर काढा म्हटल्यावर मला तेच आलं. दुसऱ्या मुलांनी गॅरेज काढलं."

"आणि भिंत? भिंत तू कलती काढली होतीस."

"नाही हो काका. मला ती सरळच काढायची होती. यंत्राला येत नव्हती." मग म्हणाला, "ती खरंच वाकडी होती का?"

त्याला बाबांचा ओळंबा ठाऊक नव्हता. तो जन्मण्याआधी बाबा गेलेले. मी सांगितला: पितळेचा, भोवऱ्याएवढा, काळ्या दोरीचा, घर रिकामे करताना सापडला नाही. अमेरिकेत त्या वेळी सकाळ असावी. त्याची बस चुकली, असे वहिनींनी नंतर सांगितले.

दसऱ्याला बायकोने माझे कुंचले पूजेला ठेवले, शेजारी यंत्रही ठेवले. हळदकुंकू कळांच्या फटीत जाईल म्हणून झाकणावरच वाहिले. सेल आतच होते, पाचही. दुपारी मुलगी सोने द्यायला आली. यंत्रात दहा समीकरणांची जागा असते. नऊ भरली होती.

"सर, दहाव्यात काय काढू?"

मी म्हटले, आढ्यावरून खाली सोडलेला ओळंबा काढ.

तिने यंत्र हातात घेतले, कळांवरून बोट फिरवले आणि मान हलवली. "तेवढं नाही जमायचं, सर. ती अगदी सरळ रेघ आहे."