आजीचे मोकळे हात

आमच्या कालकथित आजीचा घरात एकच फोटो होता. पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला. पांढरे लुगडे नेसून आजी खुर्चीवर बसली आहे आणि तिचा पदर धरून पाच वर्षांची आत्या उभी आहे. आजीच्या हातांत काचेची एकेक बांगडी, बाकी काही नाही. लहानपणी तो फोटो पाहुण्यांना दाखवताना आम्हांला संकोच वाटे.

नवे घर झाले तेव्हा आम्ही भावंडांनी तो मोठा करायला दिला. फोटोवाला म्हणाला, "हात फार मोकळे दिसतात, पाटल्या घालून देऊ?" आम्ही हो म्हटले. संगणकावर आजीच्या हातांत सोने आले. आत्याने तो फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला. "हे माही माय नोहे," एवढेच ती म्हणाली. मग म्हणाली, "औंदा अशोक विजयादशमीले मले नागपूरले न्या. जुना फोटो संगं घ्या."

मूर्तिजापूरला आम्ही पहाटेची गाडी धरली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, भाकरीची गाठोडी, कडेवर लेकरे. बडनेरा, पुलगाव, वर्धा, प्रत्येक स्टेशनावर माणसे चढत होती आणि 'जयभीम' म्हणत सरकून जागा करून देत होती.

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट दिसला तशी आत्या थांबली. हा स्तूप 18 डिसेंबर 2001 रोजी खुला झाला. पण 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो बांधवांना 22 प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा इथे व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे मोकळे मैदान होते. त्या मैदानात आजी होती.

आत अस्थिकलशाला वंदन करून आम्ही बोधिवृक्षाजवळ बसलो. आत्याने फोटो मांडीवर घेतला.

"गाडीभाड्याले पैसे नव्हते. मायनं हातातले चांदीचे गोट मोडले. तवा आम्ही इथं आलो. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी एम्प्रेस मिलमधल्या मामानं हा फोटो काढून देल्ला. फोटोवाल्याजवळ खोटे दागिने होते. तो म्हणे, घाला बाई. माय म्हणे, राहू दे, माहे हात असेच पाह्यजे. अन् तुमी तेच तिच्या हातात घातलं!"

आम्हांला मान वर करवेना. ज्या मोकळ्या हातांची आम्हांला लाज वाटली, तोच तिचा खरा दागिना होता. पुढे चार पैसे जमले तेव्हाही तिने गोट केले नाहीत. आमच्या वडिलांना शाळेत घातले. ते शिकले म्हणून आज आमच्या नव्या घराला भिंत आहे आणि भिंतीला फोटो.

परत आल्यावर पाटल्यांचा फोटो आम्ही उतरवला. आता बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आजी आहे, जशी होती तशी. मागे आत्याकडून विचारून लिहिले आहे: कोण, कुठे, केव्हा, आणि हात मोकळे का.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याही पेटीत असा एखादा फोटो असेल. त्यातली माणसे ओळखणारे कुणी घरात आहे, तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि मागे लिहून ठेवा. आम्हांला आत्या होती म्हणून आजी परत भेटली.

जयभीम!