बूट आणि जोडा

तेरेखोलचे स्थान भूगोलात जरा आगळेच आहे. उर्वरित पेडणे तालुका तेरेखोल नदीच्या दक्षिणेस, आणि हे एक गाव तेवढे उत्तर तीरावर. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली तरी गोवा संपत नाही. तो संपतो किल्ल्याच्या पलीकडे, रेडीच्या वाटेवर. १९६१ पर्यंत ही पोर्तुगीज राज्याची सरहद्द होती. माणसांना येथे अटकाव होत असे. शब्दांना मात्र तो कधी झाला नाही. पोर्तुगीजांकडून ‘सपात’ मराठीत आली आणि इंग्रजांकडून ‘बूट’. त्या वाटेवरून चालताना या पादत्राणांचाच विचार माझ्या मनात घोळत राहिला.

इंग्रजीत ‘बूट’ हा शब्द किती कामे करतो पाहा. तो पायात असतो, तसाच मोटारीच्या मागे सामान ठेवण्याची जागाही असतो. नोकरीवरून हाकलले जाणे म्हणजे ‘बूट’ मिळणे. बुटाच्या मागचा पट्टा ओढून स्वतःच स्वतःला उचलण्याच्या अशक्य कल्पनेतून संगणकाचे ‘बूट होणे’ आले. ‘शिवाय’ या अर्थी येणारा ‘टू बूट’ मात्र वेगळ्याच कुळातला. त्याचा जुना अर्थ ‘लाभ’.

यांपैकी मराठीत आधी आला तो पायातला बूट. संगणकाचा अगदी अलीकडे. मोटारीच्या मागच्या जागेला तर आपण ‘डिकी’ म्हणतो, आणि तोही इंग्रजीच शब्द! याचे कारण उघड आहे. शब्द उसना आणता येतो. त्याचा गोतावळा उसना येत नाही.

तो गोतावळा आपल्या ‘जोडा’ या शब्दाकडे आहे. जोडा पायात असतो आणि नवरा-बायकोचाही असतो. ‘लक्ष्मी-नारायणाचा जोडा’ हे कौतुक आणि ‘जोडे मारणे’ हा अपमान, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटी. संस्कृत ‘उपानह’पासून आलेली वहाण, ‘पादत्राण’पासून झालेले पायताण आणि शिवीसारखे वापरले जाणारे खेटर ही त्याचीच भावंडे. चपला झिजवणे म्हणजे काय, हे तर आम्हा सीमावासीयांना कोशात पाहावे लागत नाही. एका कार्यालयात मराठीतून साधा दाखला मिळावा म्हणून मी त्या महिनोन्‌महिने झिजवल्या आहेत.

‘बूट’ मराठीत आला याचे मला दुःख नाही. तो आता घरचाच झाला आहे. चिंता आहे ती ‘जोडा’ घराबाहेर पडण्याची. घरात सर्रास ‘शूज’ ऐकणाऱ्या मुलाला जोडे मारण्यातला अपमान उद्या समजावून सांगावा लागेल, आणि समजावून सांगावा लागणारा वाक्प्रचार फार दिवस टिकत नाही.

म्हणून सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावात पायातल्या वस्तूंना कोणकोणते शब्द आहेत आणि ते आणखी कोठे वापरले जातात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. एक वही आणि एक संध्याकाळ एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.