वास उना, आते बस

आंबायला कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात शिरपुरात सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत आपलं आपण आंबतं. केळीच्या बागेत एखादा पिकला घड जमिनीवर राहून गेला की दोन दिवसांत चिलटं जमतात आणि आंबूस-गोड दर्प सुटतो. साखर, ओलावा आणि ऊब मिळाली की सूक्ष्मजीव आमंत्रणाची वाट पाहत नाहीत. मी या तालुक्यात नैसर्गिक पद्धतीनं शेती करतो. माझ्या कामाचा बराचसा भाग हे आंबणं सांभाळण्याचा आहे, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: आंबणं फुकटात होतं, कारागिरी लागते ती थांबवायला.

शेताला द्यायच्या जीवामृताचंच बघा. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी सांगितलेलं माप आता गावोगाव पाठ आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवायचा, वर गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. माप कुणालाही जमतं. जमत नाही ते दिवस ओळखणं. पुस्तकात अठ्ठेचाळीस तास लिहिलेत, पण पौषात आमच्याकडे पहाटे हुडहुडी भरते तेव्हा ड्रमला तेवढ्यात नीट जागही येत नाही, आणि वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या वर चढला की दुसऱ्या दिवशीच फेस उतरू लागतो. गुळाचा वास जाऊन आंबूस वास आला की ते शेताला द्यायचं. त्यापुढे नाकात चढणारा कुजका वास येतो. तो आला की ड्रमात काय चाललंय त्यावर आपला ताबा उरलेला नसतो.

वाइन करणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. साखर संपली, किंवा अल्कोहोल चौदा-पंधरा टक्क्यांवर गेलं, की बहुतेक यीस्ट स्वतःच थकतं. पण गोष्ट तिथं संपत नाही. हवा लागली की दुसरे जीवाणू त्या अल्कोहोलचा सिरका करायला बसलेलेच असतात. कारखान्यात त्यांना सल्फाइट घालून, थंड करून, गाळून अडवतात. नैसर्गिक वाइन करणारा हे सगळं सोडतो किंवा अगदी नावापुरतं वापरतो. मग त्याच्या हातात तीनच गोष्टी उरतात: भांड्याची स्वच्छता, काठोकाठ भरलेलं पिंप आणि गारवा.

गारव्यासाठी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर एका माणसानं काय केलं ते मला फार आवडतं. निगाता प्रांतात झेनबेई कावाकामी यांनी 1890 मध्ये इवानोहारा इथं द्राक्षमळा लावला. तो बर्फाळ मुलूख आहे, हिवाळ्यात घराघरांवर बर्फ साचतं. उन्हाळा संपता संपता द्राक्षं काढायची, तेव्हा हवेत अजून ऊब असते आणि रस उकळल्यासारखा आंबतो. कावाकामींनी हिवाळ्यातलं बर्फ तळघरात साठवून ठेवलं आणि त्याच्या गारव्यावर आंबण्याचा वेग आवरला. त्यांनीच 1927 मध्ये मस्कट बेली ए ही जात संकरातून तयार केली. ती आजही जपानच्या लाल वाइनचा मोठा आधार आहे. याच निगातात काकुदाहामाच्या वाळूत 1992 पासून काव्ह दोच्ची ही वाइनरी उभी आहे, आणि तिच्या शेजारी पुढे आणखी लहान वाइनऱ्या झाल्या.

किनाऱ्यावर द्राक्ष पिकवणं म्हणजे बुरशीशी संसार. जपानात ऐन वाढीच्या दिवसांत पाऊस पडतो, वर तुफानं येतात. म्हणून तिथले शेतकरी वेल उंच मांडवावर चढवतात, खालून वारा खेळता ठेवतात आणि कित्येक ठिकाणी एकेका घडावर कागदाची टोपी बसवतात. आमच्या नाशिकचे बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून फळ कोरड्या हंगामात आणतात, तरी केवडा आणि भुरी त्यांची झोप उडवतातच. केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. पण मोरचुदातलं तांबं बुरशी आणि यीस्ट यांत फार भेद करत नाही. सालीवरच्या यीस्टवर वाइन करायची असेल तर फवारणीचा पंप कधी खाली ठेवायचा हे काढणीच्या कितीतरी आधी ठरवावं लागतं.

थांबण्याचा हा हिशेब मासानोबु फुकुओकांनी सगळ्यात पुढे नेला. ते जपानच्या शिकोकू बेटावरचे शेतकरी, समुद्राकडे पाहणाऱ्या टेकडीवर त्यांच्या संत्र्याच्या बागा. नांगरणी नाही, खत नाही, निंदणी नाही, औषध नाही, ही त्यांची चार तत्त्वं. त्यांचं नाव घेऊन पुष्कळजण शेत वाऱ्यावर सोडतात. पण फुकुओकांनीच लिहून ठेवलंय की वडिलांची छाटलेली झाडं त्यांनी एकदम मोकळी सोडली तेव्हा फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि बाग वाळली. माणसाच्या हाताला सवकलेलं झाड एका दिवसात रानटी होत नाही. हात काढून घ्यायलाही क्रम लागतो.

हा विचार आपल्या किनाऱ्यावरही रुजला. गुजरातच्या हद्दीत, उंबरगावजवळच्या देहेरीत भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' ही नारळ-चिकूची बाग. फुकुओका स्वतः ती पाहून गेले होते. सावे झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडत नसत, दूर चर काढून ओलावा मुळांना शोधू देत. तिथून दक्षिणेला, हद्द ओलांडली की डहाणूचं बोर्डी. तिथल्या हिल झिल वाइन्सनं प्रियांका सावे आणि नागेश पै यांच्या पुढाकारानं चिकूची फसफसती वाइन बाजारात आणली. चिकूत गोडी उदंड आणि आंबटपणा कमी. अशा रसात नको ते जीवाणू लवकर शिरतात. तो आंबवून नेमक्या जागी रोखणं हे द्राक्षापेक्षा अवघड काम आहे, हे आंबवणारा कुणीही मान्य करील.

आमच्याकडे समुद्राचा वारा नाही आणि बर्फही नाही. सातपुडा उत्तरेला, तापी दक्षिणेला आणि मध्ये तापलेली काळी जमीन. वाइनसाठी हा उन्हाळा वैरीच म्हणायचा, पण खानदेशातल्या बायकांनी याच उन्हाला कामाला लावलं. कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलतात, तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास येतो. मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायचा. बिबड्यांची ज्वारीही अशीच भिजवून आंबवतात. आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हतं. ती पातेल्यावरचं फडकं उचलायची, एकदा हुंगायची आणि सांगायची, "वास उना, आते बस." म्हणजे वास आला, आता पुरे; आता चूल पेटवा आणि खाटा गच्चीवर न्या. आंबणं चुलीवर थांबायचं, आणि ते पुन्हा सुरू होऊ नये याची काळजी ऊन घ्यायचं. कुरडई कट् करून मोडली की ती वर्षभर टिकणार.

मोहाच्या फुलांचंही तेच. चैत्रात पहाटे झाड आपणहून फुलं गाळतं. सातपुड्यातली पावरा आणि भिल्ल कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. रसाळ फूल ढिगात ठेवलं की दुपारपर्यंत आंबायला लागतं. म्हणून ते लगेच पातळ पसरून वाळवतात. वाळून लालसर-तपकिरी झालेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते, आणि ती मोसम सरल्यावर कधीही भिजवून जागी करता येते. आंबणं पुढे ढकलण्याची याहून स्वस्त रीत मला माहीत नाही.

सरकारनंही या फुलाला थांबवून पाहिलं. मुंबई सरकारनं 1892 मध्ये मोहाचा कायदा केला, तो घरगुती गाळप मोडून अबकारी उत्पन्न वाढवण्यासाठी. पुढे फुलं साठवण्या-नेण्यावर बंधनं राहिली, ती महाराष्ट्रात 2021 मध्ये सैल झाली. गाळायचा परवाना माझ्याकडे नाही आणि तशी हौसही नाही. बांधावरच्या झाडाची फुलं मी वाळवतो, त्यांचे लाडू होतात, थोडा पाक होतो.

नातेवाईक विचारतात, निगातासारखी वा बोर्डीसारखी वाइनरी इथं का नको? माझं उत्तर असं की मुलखाकडे जे थांबवण्याचं साधन आहे त्यावर तिथला पदार्थ ठरतो. शिरपुरात द्राक्षरस गार ठेवायचा तर वीज जाळून निगातासारखी हवा विकत आणावी लागेल, आणि त्याला नैसर्गिक म्हणायला माझी जीभ वळणार नाही. त्यापेक्षा मोहाखाली जाळी बांधावी, म्हणजे फूल मातीत पडणार नाही आणि फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळाही जाळावा लागणार नाही. वाळवायला जमिनीपासून उंच, स्वच्छ मांडव करावेत आणि प्रत्येक पाड्याचा माल वेगळा ठेवावा. उद्या कुणी परवाना घेऊन या फुलांची वाइन करायला बसला, तर त्याला सगळ्यात आधी हेच लागणार आहे.