ट्रक गेला, जॅक राहिला

ज्याची कंबर धड आहे त्याला मेन स्टँडचे काही वाटत नाही. स्टँडवर पाय दिला, मागून ओढली, गाडी उभी. पण वीस वर्षे ट्रक चालवून आमच्या भाईंच्या मणक्याची चकती सरकली, डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची मनाई केली आणि स्प्लेंडरचे 112 किलो हा आमच्या घरातला एक प्रश्न होऊन बसला.

गाडी हौसेची नव्हे, पोटाची. वळसंगहून अक्कलकोट रोडने सोलापूर गाठायचे, चादरी-टॉवेलांचे गठ्ठे बांधून आणायचे आणि मैंदर्गी, दुधनी, मंद्रूपकडच्या आठवडी बाजारांत विकायचे, हा आम्हा धाकट्या भावांचा धंदा. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचे थांबते. ओझ्याने चेन ताणते, चिखलाने खाते. दर वेळी गॅरेजला गाडी लावायची म्हणजे पैसे गेलेच, शिवाय बाजारही बुडाला.

घराच्या कोपऱ्यात एक दहा टनी हायड्रोलिक जॅक पडून होता. भाईंच्या ट्रकचा. हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी ट्रक ओढून नेला, त्या दिवशी जॅक पंक्चर काढायला म्हणून घरी आणलेला होता, तेवढा राहिला. अम्मी त्याच्याकडे बघायच्या नाहीत. "उसकू भंगार में डालो, देखे तो जी जलता मेरा," म्हणायच्या. भाई काहीच बोलायचे नाहीत. ट्रक गेल्यापासून तसेही ते कमीच बोलत. ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहायचे. कमावता मोठा भाऊ घरात बसला की त्याच्यापुढे चहाचा कप ठेवतानासुद्धा घरातल्यांचा हात अवघडतो. हे ज्यांच्या घरी झाले आहे त्यांनाच कळेल.

जॅकने मोटारसायकल उचलायची कल्पना भाईंचीच. पण ट्रकचा जॅक गाडीखाली जातो कुठे? पूर्ण बसवला तरी तो वीतभर उंच, आणि स्प्लेंडरच्या पोटाखाली जागा साडेसहा इंच. शिवाय इंजिनाचे बूड अॅल्युमिनियमचे. त्यावर एका बोटाएवढ्या जागी जोर दिला तर तडा जायचा. जॅक आडवा टाकावा म्हटले तर असे जॅक आडवे नीट चालत नाहीत, पंपाला तेल मिळत नाही.

भाईंनी खडूने फरशीवर चित्र काढले. अँगलचे पसरट बूड. त्यावर दोन चौकोनी पाइप उभे. त्या दोन्हींवर सदऱ्याच्या बाहीसारखे सरकणारे मोठे पाइप. दोन्ही बाह्यांना जोडणारी एक आडवी पट्टी, आणि जॅक त्या पट्टीखाली उभा. बाह्यांच्या खालच्या टोकाला गाडीखाली जाणाऱ्या दोन भुजा. म्हणजे जॅक राहतो गाडीच्या बाजूला, वर ढकलतो पट्टीला, आणि जमिनीलगतच्या भुजा गाडी उचलतात. गोदामात पोती उचलणाऱ्या गाडीचीच ही तऱ्हा. गावातल्या गेट-ग्रीलवाल्याने वेल्डिंग करून दिले. तो बाह्या आखूड करायला निघाला होता, लोखंड वाचेल म्हणून. भाईंनी त्याला थांबवले. वजन भुजांच्या टोकाकडे पडते, त्यामुळे बाही तिरकी होऊन खांबात अडकते. बाही जितकी लांब, तितकी कमी अडकते. दीड फुटाचीच ठेवली आणि आत ग्रीस भरले. भुजांवर लाकूड, लाकडावर जुन्या टायरचा तुकडा.

जॅकच्या पोटात काय चालते, ते भाईंनी आमच्या मुलांना समजावले ते शाळेतल्या पुस्तकापेक्षा बरे होते. पंपाचा दट्ट्या 10 मि.मी. व्यासाचा आणि उचलणारा 30 मि.मी.चा धरला, तर क्षेत्रफळ 9 पट, म्हणून जोरही 9 पट. वर हँडलची तरफ 10 पटीची धरली, तर एका किलोच्या जोरावर 90 किलो उचलले जातात. मात्र फुकट काही नाही. हँडल फूटभर खाली येते तेव्हा गाडी केसभर वर जाते. हा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कलने मांडला आणि इंग्लंडच्या ब्रामाने 1795 मध्ये त्यावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. दट्ट्याचे पंप त्याआधीचे. दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझरी यांनी 1206 मध्ये पुरा केलेल्या यंत्रांच्या ग्रंथातही पाणी उपसणारा असा पंप आहे. अरबीत अशा यंत्रांना 'हियल' म्हणतात. आपण उर्दूत 'हीला' म्हणतो ते बहाण्याला. एकाच शब्दाचे असे हाल झाले. 'हिकमत' मात्र मराठीत येऊनही शाबूत राहिली.

भाईंचा एक कायदा आहे: तेलावर भरवसा ठेवायचा नाही. सील कितीही चांगले असले तरी जॅक हळूहळू बसतो. म्हणून खांबांना भोके पाडली आहेत. गाडी वर गेली की त्यांत जाड बोल्ट घालायचा आणि वजन बोल्टवर सोडायचे. जॅकचे काम फक्त उचलण्याचे, धरून ठेवण्याचे नाही. हँडलला दोर बांधून तो भिंतीतल्या कडीला अडकवायचा, म्हणजे गाडी कलत नाही. उतरवताना खालचा स्क्रू पाव फेरा सैल करायचा, जास्त नाही. आणि जॅकमध्ये ब्रेक ऑइल कधीच टाकायचे नाही, त्याने सीलचे रबर फुगते.

आता दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की गाडी ओट्यापाशी येते. भाई पाटावर बसून दोन बोटांनी हँडल हलवतात. चाक हाताने फिरवून चेनचा ढिलेपणा बघतात, रॉकेल नाही मिळत म्हणून डिझेलने चेन धुतात, वर गिअर ऑइल सोडतात. बाजारात जाताना आता आम्हाला चेनचा आवाज ऐकत जावे लागत नाही.

शेजारपाजारचे लोक जॅक मागायला येतात. भाई देत नाहीत. "गाडी इथं आणा," म्हणतात. पैसे सांगत नाहीत, पण कोणी ठेवले तर परत करत नाहीत. परवा एकाने बुलेट आणली होती. भाईंनी ती सगळीकडून पाहिली, भुजांकडे पाहिले आणि नाही म्हणाले. भुजांना खालून तिरक्या पट्ट्या मारल्याशिवाय हे वजन घ्यायचे नाही. बुलेटवाला गेल्यावर अम्मींनीच विचारले, पट्ट्यांना किती लागतील.