पालघरची ओळ

माझं काम आकड्यांचं. पाणी, शेती, आरोग्य या विषयांवर काम करणाऱ्या संस्थांसाठी जिल्ह्या-तालुक्यांची आकडेवारी गोळा करायची, साफ करायची, एकमेकींशी जोडायची आणि तिच्यातून तक्ते नि नकाशे काढायचे. लोकांना शेवटचा नकाशा दिसतो; दिवस जातो तो साफसफाईत. एका फाइलीत तारखेत दिवस आधी, दुसरीत महिना आधी. कुठे आकड्यांमध्ये स्वल्पविराम, कुठे रिकाम्या घरात आडवी रेघ, कुठे 'माहिती अप्राप्त'. कुणीतरी तक्ता छान दिसावा म्हणून एक्सेलमध्ये चार घरं मर्ज करून ठेवलेली. हे सगळं निस्तरायला मी वर्षानुवर्षं पायथनमध्ये ओळीओळीने कोड लिहीत आले. आता त्यातला बराचसा एआय एजंट लिहितो.

चॅटच्या खिडकीत प्रश्न विचारून उत्तरातला कोड कॉपी करून आणायचा, त्याहून हा प्रकार वेगळा. एजंट प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच काम करतो. फाइली उघडून बघतो, स्क्रिप्ट लिहितो, ती स्वतः चालवतो, एरर आली की ती वाचून दुरुस्ती करतो आणि पुन्हा चालवतो. आतली रचना समजायला सोपी आहे: मॉडेल पुढची आज्ञा सुचवतं, टर्मिनल ती पाळतं, जे छापलं जातं ते परत मॉडेलकडे जातं, आणि काम झालंसं वाटेपर्यंत हे चक्र फिरत राहतं. क्लॉड कोड २०२५च्या फेब्रुवारीत आलं, पाठोपाठ कोडेक्स आलं, कर्सरसारखे एडिटर होतेच. नावं बदलत राहतील. 'काम झालंसं वाटेपर्यंत' हा भाग मात्र महत्त्वाचा आहे. प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत चालला की काम झालं, असं एजंटला सहज वाटू शकतं. संकेतस्थळावरचं बटण चालत नसेल तर कुणीतरी तक्रार करतं. चुकीची सरासरी बरोबर सरासरीइतकीच सुबक छापली जाते, आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

पालघरचं उदाहरण घेते. दर लाख लोकसंख्येमागे रुग्णालयात खाटा किती, हे जिल्हावार काढायचं आहे. भागायला लोकसंख्या लागते, आणि हाताशी असलेली जनगणना २०११ची. तेव्हा महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला, म्हणून आज ३६. दोन फाइली देऊन एजंटला 'जिल्ह्याच्या नावावर जोड' म्हटलं की तो जोडतो. दोन्हीकडे सापडणाऱ्याच ओळी ठेवल्या, तर पालघरची ओळ तक्त्यातून गायब होते. आजची यादी पूर्ण ठेवली, तर पालघरसमोर लोकसंख्येचं घर रिकामं राहतं, आणि ते निदान डोळ्यांना दिसतं. त्याहून मोठा घोळ ठाण्याच्या ओळीत असतो, कारण ती व्यवस्थित जुळलेली असते. २०११मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशातल्या सर्व जिल्ह्यांत जास्त. त्यातले सुमारे ३० लाख लोक वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांतले. आजच्या ठाण्यातल्या खाटांना जुन्या, अखंड ठाण्याच्या लोकसंख्येने भागलं, तर दर पाव हिश्शाहून अधिक कमी येतो. एरर कुठेच येत नाही.

उपाय सरळ आहे. २०११चे तालुकावार आकडे घ्यायचे आणि आजच्या जिल्ह्यांप्रमाणे त्यांची पुन्हा बेरीज करायची. एवढं सांगितलं की एजंट ते काम बघता बघता करतो, आणि नीट करतो. पालघर कधी झाला हे मॉडेलला विचारलं तर तेही त्याला सांगता येतं. पण दोन फाइली जोडत असताना ती माहिती त्याला आपणहून आठवेलच, असं नाही. विचारल्यावर सांगता येणं आणि वेळेवर सुचणं यांतलं हे अंतर या साधनांसोबत काम करताना मला रोज जाणवतं.

नावांचा गुंता वेगळाच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीड, बुलढाणा, गोंदिया यांची स्पेलिंगं आपल्या रोजच्या सवयीची नाहीत. एजंटपुढे न जुळलेल्या नावांची यादी आली की तो अक्षरांच्या साम्यावरून जोड्या लावायचा मार्ग धरतो. बुलढाण्यापुरता तो चालतो. देशभराच्या फाइलीत मात्र बिहारमध्येही औरंगाबाद आहे, आणि जनगणनेत आपल्या रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे. म्हणून माझ्याकडे नियमच आहे की नावावर जोडायचं नाही. जनगणनेचे संकेतांक वापरायचे किंवा केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले, आणि तेही मजकूर म्हणून वाचायचे, संख्या म्हणून नव्हे, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. प्रत्येक प्रकल्पात एजंटसाठी सूचनांची एक फाइल असते, त्यात हा नियम सर्वांत वर लिहिलेला आहे.

पावसाच्या आकड्यांबाबत मी आणखी हट्टी आहे. नोंद न झालेल्या दिवसाचं घर रिकामं असतं आणि पाऊस न पडलेल्या दिवसाचं शून्य. रिकाम्या घरांत शून्य भरणारी एक ओळ कोडमध्ये फार सहज येते, कारण ती टाकली की पुढचं सगळं विनातक्रार चालतं. एकूण बेरीज बदलत नाही, म्हणून शंकाही येत नाही. सरासरी खाली येते, आणि पावसाचा खंड मोजायला गेलं तर जिथे पर्जन्यमापक बंद होता तिथे कोरडा काळ दिसू लागतो. त्या खंडावर एखाद्या गावच्या शेतकऱ्यांबद्दल निष्कर्ष निघणार असतो. पायथनमधलं पँडास हे साधन सरासरी काढताना रिकामी घरं आपोआप वगळतं. ती भरायची घाई कशाला? तारखेचीही खुबी आहे. हवामान विभागाच्या नोंदीत एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत पडलेला. मध्यरात्री ते मध्यरात्री मोजलेल्या आकड्यांशी तो थेट जोडला, तर बराचसा पाऊस एक दिवस पुढे सरकलेला असतो. हे फाइलीत कुठे लिहिलेलं नसतं.

एजंटचं ऋण जिथे आहे तिथे ते मान्य करायला हवं. गावांच्या मराठी नावांची एक यादी दुसरीशी जुळत नव्हती. 'कऱ्हाड' दोन्हीकडे तंतोतंत सारखं दिसत होतं आणि संगणक म्हणत होता, वेगळं आहे. मी न सांगताच एजंटने दोन्ही शब्दांतल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापला. एका यादीत ऱ हे एकच अक्षर होतं. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडणीचा वर्ण. युनिकोडच्या ठरावीक प्रमाणीकरणाने र आणि नुक्ता मिळून झालेला ऱ एक होतो, पण हा दुसरा प्रकार तसाच राहतो; त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. एजंटने तो लिहिला आणि दोन्ही याद्या जुळल्या. पूर्वी अशा कामात माझी अख्खी दुपार गेली असती. हे कंटाळवाणं शोधकाम तो ज्या चिकाटीने करतो, तिचं मला मनापासून कौतुक आहे.

एजंटला काम सांगण्याआधी मी आता ताळा लिहून काढते. जोडणीआधी ओळी किती, नंतर किती असायला हव्यात. जिल्हे ३६. २०११च्या लोकसंख्येची बेरीज ११,२३,७४,३३३, एकानेही कमी-जास्त नाही. एकही संकेतांक दोनदा नाही. रिकामी घरं आधी होती तेवढीच नंतर. हा ताळा वेगळ्या फाइलीत राहतो आणि तिला हात लावायची एजंटला परवानगी नसते. त्याला कारण आहे: 'सगळ्या चाचण्या पास कर' असं सांगितलं, तर एजंट कधी कधी कोडऐवजी चाचणीच बदलतो. मूळ फाइलींचा फोल्डरही फक्त वाचण्यापुरता खुला ठेवते, आणि प्रत्येक टप्प्यानंतर गिटमध्ये कमिट करून काय बदललं ते ओळीओळीने वाचते. एरर गिळून पुढे जाणारा कोड दिसला की तो आधी काढायला लावते.

आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळींची संख्या ताडून पाहणं किती साधं आहे! पण २०२०च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून निसटले, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना गाठायला तेवढा उशीर झाला. तिथे एआयचा काही संबंध नव्हता. ओळ मुकाट्याने गळण्याचा धोका जुनाच आहे. कोड लिहिण्याचा वेग वाढला तसा तोही वाढला.

वेगाबद्दल मी जपून बोलते. एम.ई.टी.आर. या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या स्वतःच्या, चांगल्या परिचयाच्या प्रकल्पांतली २४६ कामं करायला लावली, काही एआयच्या मदतीने आणि काही मदतीविना. मदत असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला; त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के लवकर उरकलं असं वाटत होतं. ती त्या वेळची साधनं होती, आणि माझं काम मोठ्या जुन्या प्रणालींचं नाही, एकदाच चालवायच्या छोट्या स्क्रिप्टांचं आहे. तिथे माझा वेळ वाचतो असं माझं मत आहे. पण या अभ्यासानंतर 'मला तसं वाटतं' याला मी पुरावा मानत नाही. वाचलेला वेळ बराचसा कोड वाचण्यात जातो, आणि तो तसा जावा असंच मला वाटतं.

पीटर नाउर या डॅनिश संगणकतज्ज्ञाने १९८५मध्ये एका निबंधात मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे कागदावरचा मजकूर नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या मनात त्या कामाची जी समज तयार होते ती खरी वस्तू, आणि ती माणसं पांगली की प्रोग्रॅम निष्प्राण होतो. कोड एजंटने लिहिला तर ती समज कुणाच्या मनात तयार होते? मॉडेल पुढच्या बैठकीत सूचनांची फाइल वाचून नव्याने सुरुवात करतं. मला ती समज कोडच्या वाचनातून आणि ताळ्यातून मिळते, कारण मागे हाताने केलेल्या कामाची वर्षं आहेत. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीकडे ती नाहीत. "ताई, चाललं की!" असं ती आनंदाने सांगते, तेव्हा मी तिला एक तालुका निवडून त्याचा आकडा मूळ तक्त्यातून कागदावर काढायला सांगते. तिला हे जुनाट वाटत असेल. माझा आग्रह कायम आहे.

घरोघरच्या सर्वेक्षणांच्या फाइली मात्र आम्ही एजंटच्या फोल्डरमध्ये ठेवतच नाही. तो जे वाचतो ते कंपनीच्या सर्व्हरवरच्या मॉडेलपर्यंत जातं. एखाद्या बाईने आजाराविषयी, कर्जाविषयी आमच्या माणसाला विश्वासाने सांगितलेलं तिकडे पाठवायचा आम्हाला अधिकार नाही. त्याच कॉलमांची, खोट्या नोंदींची नमुना फाइल बनवून एजंटला देतो. तयार झालेली स्क्रिप्ट खऱ्या फाइलीवर आमच्या यंत्रावर आम्ही चालवतो.

आता २०२७च्या जनगणनेची वाट बघतो आहोत. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन. तिच्या तक्त्यात पालघरची स्वतःची ओळ पहिल्यांदा असेल, आणि ठाण्याचा आकडा आजच्या ठाण्याचा असेल. पण सोळा वर्षांत काय बदललं हे पाहायचं तर २०११चे ते आठ तालुके पुन्हा वेगळे काढावे लागतील, म्हणून जुन्या-नव्या तालुक्यांची जुळणी-यादी आत्ताच तयार करायला घेतली आहे. यादी ती मुलगी करते आहे. पहिले दोन जिल्हे कागदावर, बाकीचे एजंटकडून, असं आमचं ठरलं आहे. तिने सुरुवात ठाण्यापासून केली.