नोकरी आहे, काम कुठाय?

कादंबरीतल्या माणसांना नोकरी असते, पण काम नसतं. हीरो आर्किटेक्ट, हिरॉइन जाहिरात कंपनीत, आणि दोघंही भर दुपारी कॉफी पीत आयुष्याविषयी बोलत बसलेले. अरे, रजा कुणी मंजूर केली यांची? आपले दिवसाचे दहा तास ऑफिसात जातात, वर हिंजवडीची बस. त्या दहा तासांत आपण चिडतो, जळतो, हरखतो, क्वचित प्रेमातही पडतो. मग ते पुस्तकात का नको?

म्हणूनच चेतन भगतला नाकं मुरडणाऱ्यांच्या गँगमध्ये मी नाही. ‘वन नाइट अ‍ॅट द कॉल सेंटर’ (2005) ची भाषा यथातथाच, मान्य. पण त्यातला बक्षी आठवतो? श्याम आणि व्रूम खपून मॅन्युअल तयार करतात आणि साहेब ते स्वतःच्या नावावर पाठवून मोकळे! ते पान मी बसमध्ये वाचलं आणि ओळखीचे किमान तीन चेहरे डोळ्यांपुढे आले. कित्येक पुरस्कारवाल्या कादंबऱ्यांना हे जमलेलं नाही. वैताग आला तो पुढे. सगळे पुरते अडकलेले असताना चक्क देवाचा फोन येतो. आमच्याकडे अप्रेझलच्या आदल्या रात्री एचआरचा मेल येतो, बस्स.

अरविंद अडिगाच्या ‘द व्हाइट टायगर’ला 2008 चं बुकर मिळालं. ‘बुकर म्हणजे जड’ असं म्हणून मैत्रिणी ती टाळतात. खरं तर ती थ्रिलरसारखी पळते. बलराम हा ड्रायव्हर. मालक मंडळी मॉलमध्ये, हा बाहेर वाट बघत. पुढे मालकाचा खून करून तो बंगळुरूला पळतो आणि धंदा कसला काढतो? कॉल सेंटरच्या पोरापोरींची ने-आण करणाऱ्या गाड्यांचा! म्हणजे भगतच्या कादंबरीत जी मंडळी मागच्या सीटवर बसून बडबडतात, त्यांना घरी सोडणारा माणूस इथे बोलतोय. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, मजा येईल. मजा म्हणजे, तशी नाही. रात्रीच्या कॅबमध्ये मी तेव्हापासून हेडफोन लावत नाही.

आणि मराठीत? आयटीतली म्हणावी अशी कादंबरी माझ्या हाती लागलेली नाही. पण कविता महाजन यांची ‘ब्र’ (2005) आहे. घरात अडकलेली प्रफुल्ला एका संस्थेत कामाला लागते, महिला सरपंचांना भेटत गावोगाव फिरते. तिथलं राजकारण, तिथली दमणूक, आणि त्या कामातून हळूहळू बाईला फुटणारा आवाज. ही नोकरी शोभेची नाही. ती काढून घेतली तर कादंबरीच उरणार नाही.

‘ब्र’ मी आईला दिली. ती तीस वर्षं बँकेत होती, पण बँकेविषयी घरी कधी अवाक्षर काढलं नाही. पुस्तक संपलं त्या रात्री भांडी आवरता आवरता म्हणाली, एकदा कॅश टॅली होत नव्हती. अठ्ठावीस रुपये कमी. नऊ वाजेपर्यंत सगळे मोजत बसलेले. पाळणाघरात मी एकटीच उरले होते, आणि तिथल्या काकू मला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या, म्हणे.

‘मग? सापडले?’ मी विचारलं.

‘स्वतःचे भरले आणि आले,’ आई म्हणाली.